टाळ थांबल्याशिवाय आरती नाही: सेवावर्ष चालवणाऱ्या संस्थांना खुलं पत्र

प्रति,
तरुण मुलामुलींना वर्षभराच्या सेवेसाठी बोलावणाऱ्या धार्मिक-आध्यात्मिक संस्थांचे विश्वस्त, संचालक आणि समन्वयक यांस,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की तुमची पत्रकं निघतात. आयुष्यातलं एक वर्ष द्या, असं तुम्ही त्यात मनापासून सांगता. खाली कामं दिलेली असतात: शाळा, दवाखाना, वसतिगृह, पाणलोट. अगदी शेवटी एक ओळ असते, ‘निवास व भोजनाची सोय संस्थेतर्फे केली जाईल.’ हे सगळं पत्र त्या एका ओळीबद्दल आहे.

मी असं एक वर्ष दिलं आहे. बी.ए. झाल्यावर, बाविसाव्या वर्षी, जून ते पुढचा एप्रिल, मेळघाटात धारणी तालुक्यातल्या एका गावात. संस्था ख्रिस्ती होती. तिचं नाव लिहीत नाही, कारण मला एका संस्थेशी भांडायचं नाही. नंतरच्या काळात वेगवेगळ्या पंथांच्या संस्थांत असं वर्ष काढलेल्या बऱ्याच जणांशी मी बोलले, आणि घराची गोष्ट जवळपास सगळीकडे सारखीच निघाली. मी तरडगावची, वारकरी घरातली. तुळशीची माळ घालून पोरगी ख्रिस्ती संस्थेत निघाली म्हटल्यावर गावात कुजबुज झाली. आजोबांनी एवढंच विचारलं, “तिथं एकादशी करू देतील का?” समन्वयकांनी फोनवर लगेच हो म्हटलं, आणि तो शब्द शेवटपर्यंत पाळला.

कामाबद्दल मला काही मागायचं नाही. सकाळी अंगणवाडीच्या ताईंबरोबर झोळीच्या काट्यावर मुलांची वजनं घ्यायची, दुपारी पहिली-दुसरीला वाचन, संध्याकाळी वसतिगृहात अभ्यास. घरी कोरकू बोलणारं मूल शाळेत मराठी पुस्तकासमोर बसतं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते मी तिथं पाहिलं. दिवाळीनंतर आईबाप मजुरीला खाली मैदानात उतरतात, वसतिगृह भरतं. होळीला सगळे परत येतात, आणि रस्त्यात दोरी धरून फगवा मागतात. ते वर्ष मला आजही पुरतंय. म्हणूनच हे लिहिते आहे.

आता घराकडे येते. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे मोरी आणि संडास. आम्ही सहाजणी. एक केरळची नर्स, वयाने मोठी, तिला आम्ही सगळ्या चेची, म्हणजे ताई, म्हणायचो. एक गोव्याची, एक वसईची, एक नागपूरची, एक झारखंडची आणि मी. तिघी कॅथलिक, चेची केरळातल्या जुन्या सीरियन ख्रिश्चन पंथाची, नागपूरची बौद्ध आणि मी माळकरी. झारखंडची सगळ्यात धाकटी होती, जेमतेम वीस. पहिल्याच आठवड्यात तिनं मोरीच्या सांडपाण्याजवळ घरून आणलेल्या घेवड्याच्या बिया लावल्या आणि काटक्यांचा मांडव केला.

भांडणं कशावरून झाली, ते सांगितलं तर तुम्हाला क्षुल्लक वाटेल. पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस कपडे वाळत नव्हते आणि पडवीतली दोरी एकच होती. मोबाइल लावायला घरात एकच बटण होतं. हातपंपावरून पाणी आणायच्या पाळीला कुणीतरी अर्धा हंडा आणायचं. गोव्याच्या आईनं खारे बांगडे पाठवले, ते माझ्या एकादशीच्या आदल्या रात्री चुलीवर भाजले गेले आणि मी बाहेर पडवीत जाऊन बसले. कुणी काही बोललं नाही. मी पण बोलले नाही. सकाळी प्रार्थनेला सहाजणी एका सतरंजीवर बसलो, आणि मी डोळे मिटून बांगड्यांचा विचार करत होते.

सेवेला आलेल्या मुली आहोत, एवढ्या तेवढ्यावरून काय बोलायचं, असं प्रत्येकीला वाटत होतं. घरात सख्ख्या बहिणी असत्या तर दहा मिनिटांत आरडाओरडा होऊन मोकळ्या झाल्या असत्या. आम्ही देवाच्या कामाला आलेल्या, त्यामुळे गिळत राहिलो.

त्यात चेचीला रात्री-अपरात्री बोलावणं यायचं. कुणाला ताप, कुणाला जुलाब, कुणाचे दिवस भरलेले. ती पहाटे परतायची आणि तिची स्वयंपाकाची पाळी बुडायची. ती पाळी दुसरी कुणीतरी करायची, आणि ज्या बाईनं रात्रभर दुसऱ्याच्या लेकराच्या उशाशी बसून काढली तिच्याबद्दल मनात राग धरायची. मीही धरला. हे लिहायला आज जड जातंय.

झारखंडच्या मुलीचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. आम्ही चौघी जेवताना मराठीत बोलायचो. चेचीला हिंदी येत होतं, पण ती निम्म्या रात्री घरी नसायची. म्हणजे त्या मुलीशी दिवसभरात घरातलं कुणी चार वाक्यं बोलायचं, तीही कामाची: पाणी भरलं का, गॅस बंद केला का. दिवाळीच्या सुट्टीआधी चार दिवस ती पहाटेच्या परतवाड्याच्या एसटीनं निघून गेली. उशाखाली चिठ्ठी होती, हिंदीत दोन ओळी, घरी आईला बरं नाही म्हणून.

तिच्या आईला काहीही झालेलं नव्हतं. ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. महिनाअखेरीच्या अहवालात तिच्या नावापुढे ‘वैयक्तिक कारण’ असं लिहिलं गेलं. तो अहवालाचा कागद मी पाहिला आहे. मुलांच्या वजनाचे, हजेरीचे, औषधांचे कितीतरी रकाने होते. घरासाठी एकही नव्हता. आम्ही सहाजणी एकत्र कशा राहतोय, हे विचारायची जागाच त्या कागदावर नव्हती, मग विचारणार कोण? समन्वयक चांगले गृहस्थ होते. पण कामाची वाटणी तेच करायचे, मानधनावर सही तेच करायचे, वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र तेच देणार होते. त्यांच्यापुढे ‘आमचं घरात जमत नाही’ म्हणणं म्हणजे ‘मी सेवेला लायक नाही’ म्हणण्यासारखं वाटायचं.

तुमच्यापैकी काहींचं उत्तर मला ऐकू येतं. सेवा म्हणजे त्याग, त्यात तक्रार कसली? हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे, प्रत्येकाच्या आपापल्या ग्रंथाच्या आधारासह. म्हणून आधी आजोबांची गोष्ट सांगते.

आजोबा माउलींच्या पालखीबरोबर रथामागच्या एका दिंडीत चालत. आमच्या तरडगावाजवळ चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, तिथं मी लहानपणी त्यांना शोधायची. पायाला फोड, अंगावर भिजलेलं धोतर, रात्री तंबूत पंचवीस माणसं. त्यांनी त्याबद्दल घरी कधी चकार शब्द काढला नाही. त्यागाचं म्हणाल तर मी बघितलेला सगळ्यात मोठा त्यागी माणूस तो. पण संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर पालखी आली की समाजआरतीआधी काय होतं, ते त्यांनीच मला दाखवलं. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या असतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला चोप उंच करून पुकारा करतात आणि क्षणात सगळं थांबतं. ज्या दिंडीला तक्रार आहे तिचे टाळ तेवढे थांबत नाहीत. त्या शांततेत तेवढेच टाळ वाजत राहतात. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, काय झालं ते ऐकून घेतात, वाट काढतात. नंतर हरवल्या-सापडल्या वस्तूंची यादी, उद्या निघायची वेळ, आणि मग आरती.

हजारो माणसं दिवसभर चालून थकलेली, भुकेली, आणि तरी एका दिंडीची तक्रार ऐकून होईपर्यंत सगळी उभी राहतात. कुणी म्हणत नाही की वारीत तक्रार कसली. उलट तक्रार मनात ठेवून आरतीला उभं राहू नये, अशी ही व्यवस्था आहे. मला ती आमच्या घरात सहा महिने आठवली नव्हती.

नोव्हेंबरच्या शेवटी एक निवृत्त सिस्टर, म्हणजे नन, आमच्याकडे तीन दिवस राहायला आल्या. तपासणीला नव्हे, अमरावतीला कुणाकडे आल्या होत्या, तिथून मुलांना बघायला पुढे आल्या. पहिल्याच रात्री त्यांनी स्वयंपाकघरातला पाळीचा तक्ता वाचला, रिकाम्या सहाव्या नावापाशी बोट ठेवलं आणि विचारलं, “ही कुठे आहे?” कुणी बोललं नाही. मग गोव्याची रडायला लागली.

त्या रात्री सिस्टरनी आम्हाला संत बेनेडिक्टच्या नियमांबद्दल सांगितलं. सहाव्या शतकात इटलीत मठांसाठी लिहिलेले ते नियम. त्यात स्वयंपाकघराचं एक प्रकरण आहे. सगळ्यांनी आठवड्याआठवड्यानं स्वयंपाकाची पाळी करायची, शनिवारी पाळी संपवणाऱ्यानं पुसणी धुऊन, भांडी स्वच्छ करून परत द्यायची, आणि पाळी सोडणाऱ्यानं व घेणाऱ्यानं मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. जे अशक्त असतील त्यांना मदतनीस द्यायचा. मला सगळ्यात जास्त भिडली ती एक बारीक गोष्ट: पाळीवर असलेल्याला जेवणाच्या तासभर आधी, इतरांपेक्षा जादा, थोडी भाकरी आणि पेय द्यायचं. का? तर वाढताना त्याच्या तोंडून कुरकुर निघू नये म्हणून. म्हणजे त्या माणसाला माहीत होतं की देवाच्या घरातसुद्धा उपाशी पोटी दुसऱ्याला वाढणारा माणूस कुरकुरतो. त्यावर त्याने उपदेश दिला नाही, भाकरी दिली.

सिस्टरनी अमेरिकेतल्या जेसुइट या कॅथलिक संघाच्या स्वयंसेवकांबद्दलही सांगितलं. १९५६ साली अलास्कात कॉपर व्हॅली नावाच्या ठिकाणी मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी शाळा उभी राहत होती, तिथे मदतीला काही तरुण आले आणि त्यातून ती चळवळ सुरू झाली. त्यांच्या चार गोष्टी आहेत: अध्यात्म, साधी राहणी, सामाजिक न्याय आणि चौथी, एकत्र राहणं. ती चौथी गोष्ट बाकीच्या तिघींच्या बरोबरीनं लिहिलेली आहे, राहण्या-खाण्याच्या सोयीत ढकललेली नाही. त्यांच्या घरांत आठवड्यातली एक संध्याकाळ प्रार्थनेसाठी आणि एक एकमेकांसाठी राखून ठेवायची रीत आहे. तिथून बाहेर पडलेले स्वतःला ‘आयुष्यभरासाठी बिघडलेले’ म्हणवतात, आणि ते अभिमानाने.

सिस्टर गेल्यावर आम्ही पाचजणींनी गुरुवारची संध्याकाळ राखली. माझ्या पिशवीत आजोबांनी दिलेले टाळ होते, ते मी जूनपासून बाहेर काढले नव्हते. पालखीतली रीत मी सगळ्यांना समजावली. प्रार्थनेआधी टाळ मध्ये ठेवायचे. जिला काही सांगायचं असेल तिनं वाजवायचे, आणि तिचं ऐकून झाल्याशिवाय प्रार्थना सुरू करायची नाही. वसईच्या मैत्रिणीला ते मनापासून आवडलं. चेची म्हणाली, “मला वाजवता येणार नाही, मी झोपेन.” पहिले दोन गुरुवार दोरी, बटण आणि बांगडे यांत गेले. चेचीला स्वयंपाकाच्या पाळीतून मोकळं केलं, आणि रात्रीच्या बोलावण्याहून आली की तिच्यासाठी झाकून ठेवलेली भाकरी-भाजी असेल असं ठरलं. ते जादा भाकरीच्या नियमावरूनच आम्हाला सुचलं.

तिसऱ्या गुरुवारी नागपूरच्या मैत्रिणीनं टाळ उचलले. ती वाजवत राहिली, बराच वेळ. मग म्हणाली, “पाळीचा तक्ता आणा.”

जून ते नोव्हेंबरचे सगळे तक्ते मी एका वहीत लावून ठेवले होते. ते तक्ते माझ्या हातचे होते. दर रविवारी मीच आखायचे. तिनं एकेका पानावर संडास-मोरीच्या रकान्यात बोट ठेवत नावं वाचली. इतर कुणाहीपेक्षा तिचं नाव दुपटीनं येत होतं. मी ते जाणूनबुजून केलेलं नव्हतं. कुणीतरी म्हणायचं मला नको, मी नाव बदलायचे, आणि बदललेलं नाव दर वेळी तिचंच असायचं, कारण ती कधी नाही म्हणत नव्हती. ती म्हणाली, “मी नाही म्हणत नव्हते, कारण नाही म्हटलं की तुम्ही म्हणाल हिला सगळ्यात जातच दिसते.”

मी काही बोलू शकले नाही. त्या दिवशी प्रार्थना झाली नाही. मला वाटतं ते बरोबरच झालं.

आजोबा पंढरपूरला पोचले की नामदेव पायरीपाशी आधी चोखोबांच्या समाधीला हात लावतात, मग पुढे जातात. मी त्यांचं बोट धरून हे लहानपणापासून केलं होतं. आणि माझ्याच हातानं असा तक्ता आखला गेला होता. मला कुणी मुद्दाम दुष्टपणा शिकवला नव्हता. ज्या घरात कुणी मोजत नाही तिथं जुनी सवय आपोआप काम वाटून घेते, हे मला तेव्हा कळलं. पुढे वाचताना दिसलं की गांधीजींनी मे १९१५ मध्ये अहमदाबादला कोचरबचा आश्रम सुरू केला, आणि काही महिन्यांत दूदाभाई, दानीबहन आणि त्यांची छोटी मुलगी लक्ष्मी हे अस्पृश्य मानलं गेलेलं कुटुंब राहायला आलं, तेव्हाही पहिली ठिणगी विहिरीवर आणि घरातच पडली होती. देणग्या बंद झाल्या, मग एका शेठजींनी तेरा हजार रुपये आणून दिले, हा भाग सगळे सांगतात. आश्रमातल्या बायकांना, कस्तुरबांसकट, ते रुचलं नव्हतं, हा भाग गांधीजींनी स्वतः आत्मकथेत लिहून ठेवला आहे. लिहून ठेवला, झाकला नाही. तुमच्या वार्षिक अहवालात असं एक पान कधी छापलं जाईल का?

नागपूरच्या मैत्रिणीनं मला त्या रात्री माफ केलं नाही, आणि मी तसं मागितलंही नाही. तक्ता त्या दिवसापासून चिठ्ठ्या टाकून व्हायला लागला. पंधरा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. जानेवारीत एका गुरुवारी तिनं प्रार्थनेच्या वेळी बुद्धवंदना म्हटली, सात महिन्यांत पहिल्यांदा. आम्ही बाकीच्या ऐकत बसलो. तिला तोवर कुणी विचारलंच नव्हतं की तुला काय म्हणायचं आहे. मला एकादशी करू देण्याचा शब्द पहिल्याच फोनवर मिळाला, आणि तिला आपली वंदना म्हणायला सात महिने आणि एक भांडण लागलं. हे दोन्ही एकाच घरात झालं.

तर मागणं असं आहे.

आठवड्यातली एक संध्याकाळ घराला द्या. त्या संध्याकाळी बैठक लावू नका, पाहुणे आणू नका, वसतिगृहाची जबाबदारी दुसऱ्या कुणावर सोपवा. तुम्ही म्हणाल, कामाचा वेळ जातो. जर्मनीत १९५४ साली नॉयएनडेटल्साऊ या बव्हेरियातल्या गावात एका प्रॉटेस्टंट सेवासंस्थेच्या प्रमुखांनी तरुण मुलींना एक वर्ष रुग्णसेवेला द्यायचं आवाहन केलं. त्याच वाटेनं पुढे १९६४ मध्ये तिथं स्वयंसेवेच्या वर्षाचा कायदा झाला. आज त्या कायद्यानं पूर्ण वर्ष करणाऱ्या प्रत्येकाला किमान २५ दिवस कामावरून बाजूला काढून, इतर स्वयंसेवकांबरोबर एकत्र बसवावं लागतं, आणि ते दिवस सेवेचे दिवस म्हणूनच धरले जातात. पंचवीस दिवस. आमच्या वर्षात असे दिवस किती होते विचाराल, तर जूनमधले दोन, ज्यात आम्हाला नियमावली वाचून दाखवली.

दुसरं, प्रत्येक घरासाठी बाहेरचं एक माणूस नेमा, जे प्रमाणपत्रावर सही करत नाही आणि कामाची वाटणी करत नाही. ते महिन्यातून एकदा येऊन घरात जेवेल, तक्ता वाचेल, कोण गप्प आहे ते बघेल. आमच्या सिस्टर योगायोगानं आल्या. योगायोग दोन महिने आधी आला असता तर झारखंडची मुलगी कदाचित राहिली असती. एखादी निवृत्त शिक्षिका, एखादे गावातले वडीलधारे, कुणीही चालेल. फक्त त्यांच्यापुढे बोलल्यानं आपलं वर्ष वाया जाईल अशी भीती वाटता कामा नये.

याच्याच पोटात एक गंभीर गोष्ट येते. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा स्वयंसेवी तत्त्वावर काम करणाऱ्यांनाही लागू आहे, आणि राहतं घरही त्यात कामाचं ठिकाण धरलं जाऊ शकतं. दहा किंवा जास्त माणसं असतील तर संस्थेत अंतर्गत समिती हवी. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. आमच्या घरात तसं काही घडलं नाही. पण घडलं असतं तर कुठे जायचं, हे आम्हा सहाजणींपैकी एकीलाही माहीत नव्हतं. चेचीलासुद्धा नाही, आणि ती दहा वर्षं मोठ्या दवाखान्यात नोकरी करून आलेली होती. पहिल्या दिवशी घराच्या भिंतीवर तो पत्ता लावा. तुमचा देव त्यानं नाराज होणार नाही.

तिसरं, बोलावतानाच खरं सांगा. सकाळी कुठली प्रार्थना होते, ती न म्हणता बसलं तर चालतं का, स्वयंपाकघरात काय शिजतं, जेवताना कुठली भाषा बोलली जाते. धर्मनिष्ठ संस्थेनं आपली निष्ठा लपवावी असं मी अजिबात म्हणत नाही. मी ख्रिस्ती प्रार्थनेत अकरा महिने बसले, त्यानं माझी माळ सैल झाली नाही; उलट रोज ठरल्या वेळी बसण्याची सवय मला तिथं लागली. पण सर्व धर्मांचं स्वागत असं पत्रकात लिहायचं आणि घरात एकीला सहा महिने गप्प ठेवायचं, हे होऊ देऊ नका.

आणि निर्णय घरातल्यांना घेऊ द्या. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्यामंदिर सुरू केलं, तिथल्या बहिणींनी सर्वसंमतीनं चालायचं ठरवलं. एकीचंही मन नसेल तर थांबायचं, बहुमतानं पुढे रेटायचं नाही. शेती, स्वयंपाक, झाडलोट, सगळं त्यांच्यातच. इतकी वर्षं ते घर चाललं आहे. वेळ लागतो, हे खरं. सर्वसंमतीला आमच्याकडे बांगड्यांसाठी दोन गुरुवार लागले. शेवटी ठरलं की एकादशीच्या आदल्या दिवशी भाजायचे नाहीत, आणि बाकीच्या दिवशी मी तोंड वाकडं करायचं नाही. दोन्ही बाजूंनी ते पाळलं.

खर्चाचा प्रश्न येईल. मी मागितलेल्या गोष्टींना पैसे फारसे लागत नाहीत. एक जादा दोरी, बटणांचा एक बोर्ड, महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसाचं एसटीचं भाडं. पाळीवर असलेलीसाठी थोडी जादा भाकरी. अहवालाच्या कागदावर एक रकाना. जास्त लागणार आहे तो वेळ, आणि विश्वस्तांच्या बैठकीत लाभार्थींच्या आकड्यांनंतर पाच मिनिटं थांबून ‘पोरं कशी राहताहेत?’ असं विचारणारं कुणीतरी.

शेवटचं मागणं निघून गेलेल्यांबद्दल आहे. मध्येच सोडून जाणारी मुलं कच्ची असतात असं तुमच्याकडे समजलं जातं. कृपा करून ‘वैयक्तिक कारण’ लिहून पान उलटू नका. फोन करा. महिन्यानं करा, सहा महिन्यांनी करा, पण करा. काय झालं ते विचारा, आणि जे सांगतील ते पुढच्या तुकडीच्या कामी येईल असं लिहून ठेवा.

आमचं वर्ष संपल्यावर, मे महिन्यात, मी झारखंडला फोन लावला. माझं हिंदी तेव्हाही मोडकंच होतं. तिनं आधी विचारलं की संस्थेनं सांगितलं म्हणून केला का. मी म्हटलं, नाही. तोवर तिला कुणाचाही फोन आलेला नव्हता. थोडा वेळ दोघींना काही सुचेना. मग मी सांगितलं की तुझा घेवडा दिवाळीनंतर मांडवभर पसरला, डिसेंबर-जानेवारीत आम्ही टोपलीनं शेंगा काढल्या, वसतिगृहातही दिल्या, आणि मूठभर बिया मी घरी घेऊन आले आहे. ती म्हणाली, “मुझे लगा था, किसी को याद भी नहीं होगा कि वहाँ कुछ लगाया था.”

त्या बिया यंदाही आमच्या परसात लावल्या आहेत. जूनमध्ये तुमची नवी तुकडी येईल. त्यांच्या घराकडे लक्ष द्या, ही हात जोडून विनंती.

आपली नम्र,
एक माजी स्वयंसेविका
मु. पो. तरडगाव, ता. फलटण, जि. सातारा